काम संपलं तरी प्रकल्प बंद होत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कारखान्याच्या नव्या शेडमध्ये उत्पादन सुरू होऊनही रोज काही ना काही काम निघतं आणि प्रकल्प काही बंद होत नाही. मी गोव्यात वेर्ण्याला अशीच वाढीव बांधकामं सांभाळतो. तुमच्याकडे काम पूर्ण झालं असं कोणी म्हणायचं, हेच बहुधा ठरलेलं नाही.

तो माणूस आधी ठरवा. माझ्या मते तो मेंटेनन्सचा प्रमुख असावा, कारण उद्यापासून शेड त्याच्या गळ्यात पडणार आहे. त्याला आणि कंत्राटदाराला घेऊन सगळी शेड फिरा, स्नॅग लिस्ट, म्हणजे राहिलेल्या आणि सदोष कामांची यादी, करा आणि त्याच दिवशी दोघांच्या सह्या घ्या. त्यानंतर कोणाला आणखी एक दरवाजा हवासा वाटला, तर ते नवं काम, त्याचं अंदाजपत्रक वेगळं. यादीतल्या कामांना तारखा देताना चवथ (गणेश चतुर्थी) मध्ये येते का ते बघा. त्या आठवड्यात साइटवर माणूस मिळत नाही.

आता डिफेक्ट लायबिलिटी, म्हणजे ताबा घेतल्यावर ठरावीक मुदतीत निघालेले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायची जबाबदारी. हे गोव्यात फार जपून बघावं लागतं. नोव्हेंबरमध्ये ताबा घेतला आणि मुदत ६ महिन्यांची असली, तर ती मे महिन्यात संपते आणि पाऊस येतो जूनमध्ये! पत्र्याचे सांधे, पन्हळीचा उतार, केबल ट्रेंचमध्ये साचणारं पाणी, भिंतीची ओल, यातलं बरंचसं तोवर दिसतच नाही. मुदत १२ महिन्यांची असली की अख्खा पावसाळा तिच्यात येतो. करार आधीच झाला असेल, तर रिटेन्शनची (कंत्राटदाराच्या बिलातून राखून ठेवलेली) रक्कम सोडण्याआधी निदान छतावर पाणी मारून बघा.

मात्र ही मुदत संपेपर्यंत प्रकल्प उघडा ठेवायची गरज नाही. कंत्राटदाराकडून दोष दुरुस्त करून घेण्याची जबाबदारी लेखी मेंटेनन्सकडे द्या. ॲज-बिल्ट ड्रॉइंग (प्रत्यक्ष जसं बांधलं तसे नकाशे), टेस्ट रिपोर्ट, वॉरंटीची कागदपत्रं आणि परवाने फायनल बिलाआधीच ताब्यात घ्या. बिल चुकतं झालं की कंत्राटदाराचा इंजिनिअर दुसऱ्या साइटवर जातो, आणि जमिनीखालची केबल कुठून गेलीय हे त्यालाच ठाऊक असतं.

शेवटी अकाउंट्सला सांगून प्रकल्पाचा खर्चाचा कोड बंद करून घ्या. तो चालू असेपर्यंत कारखान्यातली कुठलीही दुरुस्ती तुमच्याच प्रकल्पावर टाकली जाईल.