ख्रिस्ताला स्वतःच्या आधी ठेवायचं म्हणजे रोजच्या जगण्यात नेमकं काय करायचं?

स्वतःला कमी लेखणं म्हणजे हे नव्हे, एवढं आधी सांगतो. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात (३:३०) बाप्तिस्मा करणारा योहान, म्हणजे येशूसाठी वाट तयार करणारा संदेष्टा, म्हणतो की येशूची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा. सगळे आता येशूकडे जात आहेत, असं आपल्या शिष्यांकडून ऐकूनही तो हे आनंदाने म्हणतो! मला ही जागा फार जवळची वाटते.

‘स्वतःला नाकारून वधस्तंभ (क्रूस) उचला’ हे येशूचं सांगणं मत्तय, मार्क, लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आहे. पण ‘दररोज’ हा शब्द फक्त लूक ९:२३ मध्ये येतो. म्हणजे एकदा निर्णय घेतला आणि झालं, असं नाही.

माझ्यापुरतं सांगतो. भावाशी वाद झाला तेव्हा मी त्याला झोंबेल असा लांबलचक मेसेज लिहिला होता. पाठवण्याआधी प्रार्थनेला बसलो, आणि ‘बरोबर कोण’ हा हट्टच सैल पडला. मेसेज पुसला, फोन करून माफी मागितली. जीभ जड झाली होती, खरंच.

वचनवाचन, प्रार्थना, मंडळीची (चर्चमधल्या विश्वासणाऱ्यांची) संगती हवीच. पण वाढ होते ती अशा क्षणी, मन ‘मी’ म्हणत असताना आपण ‘प्रभू, तुझी इच्छा’ म्हणतो तेव्हा. आज ज्याच्याशी अबोला आहे, तिथून सुरुवात करा.