'नष्ट', 'हद्दपार' आणि पटाचा सफाया

प्रश्न एका वाचकाचा आहे. भाच्यांसाठी ते 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळातल्या पत्त्यांवरच्या शब्दांचा मराठी तक्ता करत आहेत. त्यात 'डिस्ट्रॉय' आणि 'एक्झाइल' या दोन्हींसमोर त्यांनी 'नष्ट करणे' असंच लिहिलं, कारण "शेवटी पट रिकामाच होतो". हे चालेल का? 'बोर्ड वाइप'ला, म्हणजे एका पत्त्याने सगळा पट साफ करण्याला, मराठीत काय म्हणावं? आणि चार मॅनाचा (मॅना म्हणजे पत्ता टाकायला मोजायची शक्ती) 'रॅथ ऑफ गॉड' घ्यावा की पाच मॅनाचा 'सनफॉल', हे मुलांना कसं समजवायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठाम 'नाही' असं आहे, आणि तिसऱ्याचं उत्तर त्यातच दडलेलं आहे. सगळा पट साफ करणाऱ्या पत्त्याची किंमत त्याच्या क्रियापदात असते. दोन क्रियापदं एकाच शब्दात कोंबली, तर मुलांना दोन्ही पत्ते सारखेच वाटणार आणि त्यांतला चार मॅनाचा उगाचच स्वस्त.

एक डाव घेऊ. तुमच्यासमोर एकही क्रीचर (तुमच्या बाजूने लढणारा पत्ता) नाही. प्रतिस्पर्ध्याकडे पाच आहेत, त्यांतला एक 'ब्लड आर्टिस्ट'. कोणतंही क्रीचर मेलं की तो एका खेळाडूचा एक प्राण, म्हणजे आयुष्याचा एक गुण, कमी करतो आणि आपल्या मालकाला एक प्राण देतो. स्वतः मेला तरी हे घडतं. तुम्ही सर्व क्रीचर नष्ट करणारा रॅथ टाकलात. पाचही क्रीचर एकाच वेळी मेले, म्हणून ब्लड आर्टिस्टने पाचही मरणं मोजली. तुमचे पाच प्राण गेले, प्रतिस्पर्ध्याला पाच मिळाले. वीस प्राणांच्या खेळात हा दहाचा फरक आहे, तोही तुमच्याच पत्त्याने घडवलेला. त्याच जागी सनफॉल टाकला असता तर पाचही क्रीचर खेळाबाहेर गेले असते. कुणी मेलंच नाही, त्यामुळे ब्लड आर्टिस्टला मोजायला काही उरलं नसतं. वर सनफॉल जितके क्रीचर बाहेर काढतो त्या प्रमाणात मोठं एक टोकन (पटावर ठेवायची खूण) तुमच्यासाठी मागे ठेवतो. पाचवा मॅना या दोन गोष्टींसाठी आहे.

इथे मराठी फार उपयोगी पडते, कारण आपल्याकडे 'मरणे' आणि 'मारणे' ही जोडी आयती आहे. 2011 पासून पत्त्यांवर 'डाइज' हा शब्द रूढ झाला. क्रीचर पटावरून स्मशानात, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगात, गेला की तो 'मेला', कारण काहीही असो. म्हणजे मेला म्हणून कुणी मारलाच असेल असं नाही. 'टॉक्सिक डेल्यूज' घ्या. तीन मॅनाचा पत्ता. तुम्ही जितके प्राण मोजाल तितकी प्रत्येक क्रीचरची ताकद आणि टिकाऊपणा घटतो. टिकाऊपणा शून्यावर आला की क्रीचर मरतो, पण त्याला कुणी 'नष्ट' केलेलं नसतं. म्हणूनच 'अविनाशी' (नष्ट करता न येणारे) क्रीचर रॅथसमोर ताठ उभे राहतात आणि डेल्यूजसमोर आडवे होतात. आपलाच क्रीचर 'सॅक्रिफाइस' करणं म्हणजे बळी देणं. त्यातही तो मरतो आणि त्यातही 'अविनाशी' कामाला येत नाही. तेव्हा 'डिस्ट्रॉय'ला 'नष्ट करणे' राहू द्या, 'डाइज'ला 'मरणे' लिहा आणि 'सॅक्रिफाइस'ला 'बळी देणे'. क्रीचरला 'क्रीचर'च म्हणा. 'प्राणी' म्हटलं की त्यातले मांत्रिक आणि शिपाई विचित्र दिसतात.

'एक्झाइल'ला 'हद्दपार करणे' चपखल बसतं. हद्दपार झालेला माणूस जिवंत असतो, फक्त हद्दीत नसतो, आणि नेमका तोच अर्थ इथे हवा आहे. 2009 पूर्वी पत्त्यांवर याच गोष्टीला 'खेळातून काढून टाका' असं लांबलचक लिहीत. 'ओब्लिव्हियन रिंग'सारखे काही पत्ते मात्र स्वतः पटावर असेपर्यंतच समोरच्या पत्त्याला बाहेर ठेवतात. तिथे मी बिनदिक्कत 'तडीपार' लिहीन, कारण तडीपारीला मुदत असते हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

रॅथ हा 1993 च्या पहिल्या संचातला पत्ता. तेव्हाच त्यात एक जोड होती: नष्ट होणाऱ्या क्रीचरना पुनरुज्जीवन नाही. 2009 च्या 'डे ऑफ जजमेंट'मधून ती जोड गळली, किंमत मात्र चारच राहिली. नावाबद्दल सांगायचं तर 'रॅथ'ला 'राग' नको, 'कोप' हवा. राग माणसाला येतो; कोप देवाचा, राजाचा, निसर्गाचा होतो आणि तो आपला-परका पाहत नाही. डालडा जसा सगळ्या वनस्पती तुपाचं नाव होऊन बसला, तसा 'रॅथ' हा खेळाडूंच्या तोंडी अशा सगळ्याच पत्त्यांचं नाव झाला आहे.

आता 'बोर्ड वाइप'. 'धुव्वा' नको, कारण धुव्वा नेहमी कुणाचा तरी उडतो, त्यात जिंकणारा ठरलेला असतो. 'फडशा'ला जेवणाच्या पानाचा वास आहे. 'नायनाट'मध्ये वैर आहे. 'सफाया' बरोबर, कारण तो जागेचा होतो: पट साफ झाला, कुणाचे किती गेले ते नंतर मोजा. ही मोजणी मुलांना आधी शिकवा. तुमचा एक आणि प्रतिस्पर्ध्याचे चार गेले, तर सफायाचा पत्ता धरून दोन पत्त्यांत तुम्ही चार पत्ते वसूल केलेत. तुमचे तीन आणि त्याचे तीन गेले, तर सफाया करून तुम्ही स्वतःचंच नुकसान केलंत, कारण हातातला तो पत्ताही खर्ची पडला. स्वतः क्रीचर कमी ठेवणाऱ्या डेकला (खेळाडूच्या पत्त्यांच्या गठ्ठ्याला) रॅथ सोन्यासारखा आणि झटपट हल्ल्याच्या डेकला जवळपास निरुपयोगी, तो याचमुळे.

आणखी एक शब्द तक्त्यात ठळक करा: 'सर्व'. 'हेक्सप्रूफ' क्रीचरवर प्रतिस्पर्ध्याला नेम धरता येत नाही. पण रॅथ नेम धरतच नाही, तो 'सर्व' म्हणतो, म्हणून हेक्सप्रूफही त्यात जातो. तक्त्यात 'सर्व'च्या जागी 'निवडलेले' आलं, तर मुलं हा पत्ता चुकीचाच खेळतील.

रॅथ आणि सनफॉलमधला माझा कौल समोरच्या डेकवर. प्रतिस्पर्धी मरणावर कमाई करत असेल किंवा त्याच्याकडे अविनाशी क्रीचर असतील, तर सनफॉल. समोर नुसती झुंड धावून येत असेल, तर चौथ्या पाळीतच पट साफ व्हायला हवा आणि तेव्हा पाचव्या मॅनाची वाट पाहण्यात अर्थ नाही, रॅथ टाका.