घर-अंगण : वाचकांचे प्रश्न – लाकडाचा स्टेन नको तिथे उडाला तर

प्रश्न : अंगणाच्या सागवानी कुंपणाला स्प्रे गननं स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, मारून घेतला. वारं होतं. पोर्चमधल्या पॉलिश कोट्यावर आणि पायऱ्यांच्या शहाबादीवर बारीक तपकिरी ठिपके बसलेत. चार दिवस झाले. रंगारी म्हणतो, अॅसिडनं पुसून देतो. पुसू द्यावं का? – एक वाचक, धुळे

उत्तर : अजिबात नाही. कोटा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. अॅसिड पडलं की बुडबुडे येतात, तिथला दगडच विरघळतो आणि पॉलिश जातं. तेलाचा डाग मात्र अॅसिडनं हलत नाही. म्हणजे डाग जागेवर आणि भोवती पांढरा चट्टा, असं दुहेरी नुकसान.

आधी डब्यावर पाहा. ‘ब्रश टर्पेंटाइननं धुवा’ असं लिहिलं असेल तर स्टेन तेलाचा, ‘पाण्यानं धुवा’ असेल तर पाण्याचा. डाग कशानं निघेल ते यावरच ठरतं. गननं मारलेला सागवानी स्टेन बहुतेक तेलाचा असतो, म्हणून तेच धरून सांगतो.

पॉलिश कोट्यावर ठिपके बहुतेक वरच बसलेले असतात. पांढरं सुती फडकं टर्पेंटाइननं ओलं करा, ठिपक्यावर दोन मिनिटं दाबून धरा आणि पुसा. चार दिवसांत तेल कडक झालेलं असतं, त्यामुळे काही ठिपके हलणार नाहीत. त्यांच्यावर रंग काढायच्या जेलचा पातळ थर द्या, दहा-पंधरा मिनिटांनी प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, नायलॉनच्या ब्रशनं घासा आणि साबणाच्या पाण्यानं धुवा. जेल आधी कोपऱ्यातल्या, कपाटाआडच्या फरशीवर लावून पाहा. रबरी हातमोजे हवेतच. तारेचा ब्रश किंवा काथ्या वापरू नका, ओरखडे राहतात.

शहाबादी खडबडीत असते, तिच्यात तेल आत उतरतं. तिथे घासून भागत नाही, डाग बाहेर ओढावा लागतो. त्यासाठी लेप करा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी व्हाइटिंग पावडर (खडूची बारीक पूड) एक वाटी घ्या. त्यात थोडं थोडं टर्पेंटाइन घालत श्रीखंडाइतकं घट्ट होईपर्यंत कालवा. डागाच्या बाहेर बोटभर जाईल असा पाच-सहा मिलिमीटर जाड थर थापा, वर प्लास्टिक पसरा आणि कडा टेपनं बंद करा. चोवीस तासांनी प्लास्टिक काढा, पण लेप लगेच खरवडू नका. तो सावलीत पूर्ण वाळू द्या. विरघळलेलं तेल वर येऊन पावडरीत शिरतं ते लेप वाळतानाच. घाईनं ओला लेप काढला तर डाग होता तिथेच राहतो, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. मग लाकडी पट्टीनं काढा आणि धुवा. असं दोन-तीनदा करावं लागेल. दर वेळी डाग फिका होताना दिसेल. पावडरीऐवजी मुलतानी माती घेऊ नका, तिच्यातल्या लोहानं पिवळट छटा येऊ शकते. काम उघड्यावर करा. जवळ विडी, काडी, गॅस काही नको.

प्रश्न : शेजाऱ्यांची गाडी फाटकाबाहेर उभी होती. बॉनेटवर हात फिरवला की रवाळ लागतं. थिनरनं पुसू का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : थिनर बाजूला ठेवा. त्यानं स्टेनच्या आधी गाडीचा रंग मऊ पडतो. टचिंग केलेली गाडी असेल तर रंग हातात येईल. आधी शेजाऱ्यांना सांगा आणि त्यांच्यासमोरच काम करा.

गाडी सावलीत आणा, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. भरपूर पाण्यानं धूळ उतरवा, कारण आपल्याकडची उन्हाळी धूळ सँडपेपरसारखी घासते. मग कार-डिटेलिंगच्या दुकानात मिळणारा क्ले बार (रंगावर चिकटलेले कण ओढून घेणारी मऊ वडी) घ्या. शॅम्पूच्या पाण्यानं दोन बाय दोन फुटांचा भाग गुळगुळीत ओला करा आणि क्ले हलक्या हातानं सरळ रेषेत मागे-पुढे फिरवा. गोल फिरवू नका. सुरुवातीला खरखर आवाज येतो, तो थांबला की भाग स्वच्छ झाला. क्ले दर वेळी दुमडून नवी बाजू वर काढा. जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्या, एक खडा चिकटला तरी संपूर्ण बॉनेटवर रेघा उठतात. शेवटी वॅक्स लावा, कारण क्लेनं जुनं वॅक्सही निघून जातं. काचेवरचे ठिपके साबणपाण्यात नव्या ब्लेडनं, ब्लेड जवळजवळ आडवं धरून निघतात. हेडलाइट प्लास्टिकची असते, तिला ब्लेड किंवा टर्पेंटाइन लावू नका, क्लेच वापरा.

प्रश्न : बाहेरच्या भिंतीच्या इमल्शनवर स्टेन उडाला. वरून रंगाचे दोन हात मारले तरी आठ दिवसांत डाग पुन्हा दिसू लागले. – एक वाचक, अमळनेर

उत्तर : पाण्याचा रंग तेलाच्या डागाला अडवू शकत नाही. डाग त्यातून झिरपून वर येतो. आणखी चार हात दिलेत तरी हेच होईल. डागाच्या जागा १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलक्या घासा, धूळ पुसा आणि डाग अडवणाऱ्या तेलाच्या प्रायमरचा एक हात द्या. रात्रभर वाळू द्या. मग इमल्शनचे दोन हात, पण ठिपक्यांपुरते नाही, तर भिंतीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. उन्हानं उडालेल्या जुन्या रंगावर नवं ठिगळ लांबून दिसतं.

प्रश्न : पोर्चवरचं पॉलिकार्बोनेटचं छत आणि स्लायडिंग खिडक्यांची अॅल्युमिनिअमची चौकट? – तेच वाचक

उत्तर : पॉलिकार्बोनेटला थिनर किंवा अॅसिटोन लागलं की बारीक तडे जातात आणि ते पुन्हा भरत नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घेऊन पुसा आणि साबणपाण्यानं धुवा. अॅल्युमिनिअमला टर्पेंटाइन चालतं, पण कॉस्टिक सोडा किंवा तो असलेलं क्लीनर नको. त्यानं धातूच खाल्ला जातो.

प्रश्न : आता डेकचं, म्हणजे अंगणातल्या लाकडी फळ्यांच्या ओट्याचं काम काढायचं आहे. हे टाळायचं कसं? – एक वाचक, शहादा

उत्तर : आमचं स्पष्ट मत आहे की खान्देशात एप्रिल-मेमध्ये कुंपण आणि डेक ब्रशनंच करा. पंचेचाळीसच्या घरात पारा असताना फळी इतकी तापते की स्टेन मुरण्याआधी वर सुकतो आणि हातांचे जोड दिसतात. वारंही दिवस तापला की सुटतं. तेलाच्या स्टेनचा थेंब हवेत लवकर सुकत नाही, म्हणून तो लांब जाऊनही ओलाच बसतो.

गन वापरायचीच असेल तर सूर्य वर येण्याआधी सुरुवात करा आणि झाडाची पानं हलू लागली की थांबा. एअरलेसला (हवेऐवजी पंपाच्या दाबानं फवारणाऱ्या गनला) ३११ किंवा ४११ नंबरची टिप, म्हणजे पुढचं तोंड, लावा. पहिला आकडा दुप्पट केला की फूटभर अंतरावर पट्टा किती इंच रुंद पडेल ते कळतं, आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे भोक इंचाच्या हजाराव्या भागात. भिंतीच्या रंगाची मोठी टिप तीच ठेवली तर बराच माल हवेत जातो. दाब अगदी कमीपासून वाढवत न्या आणि पट्टा अखंड दिसला की थांबा, जास्त दाबानं धुकं तयार होतं. गन लाकडापासून फूटभरच दूर ठेवा. फळ्यांच्या फटींमागे एका माणसाला पुठ्ठा धरून उभं करा, आणि मागोमाग दुसऱ्यानं ब्रश फिरवावा म्हणजे स्टेन लाकडात मुरतो.

मोगरा, लिंबू अशी झाडं आधी पाण्यानं भिजवा, मग चादरीनं झाका. प्लास्टिक झाकलंत तर ऊन चढण्याआधी काढा, नाहीतर झाड उकडून निघेल.

आणि संध्याकाळच्या चिंध्या. तेलाचा स्टेन पुसलेल्या चिंध्या गोळा करून पोत्यात कोंबू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, ढिगात ती अडकते आणि काडी न लावताही चिंध्या पेटतात. एकेक चिंधी उघड्यावर, तारेवर सुटी वाळवा, किंवा पाण्यानं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. हे काम रंगाऱ्यावर सोडू नका, तो गेल्यावर पोतं स्वतः उघडून पाहा.