नळी घालावी की घालू नये?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६३) मेंदूच्या उजव्या भागात ग्लायोब्लास्टोमा (मेंदूच्या कॅन्सरची झपाट्याने वाढणारी गाठ) आहे. शस्त्रक्रिया, रेडिएशन, टेमोझोलोमाइडच्या (केमोथेरपीच्या) गोळ्या असे सगळे होऊनही गाठ पुन्हा वाढली असून डॉक्टरांनी आता हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातील रुग्णांचा त्रास कमी करणारे शुश्रूषा केंद्र) सुचवले आहे. डावी बाजू लुळी पडली आहे, दिवसाचा बराच वेळ ते झोपूनच असतात आणि दोन घासांपलीकडे खात नाहीत. काका म्हणतात, ‘नाकातून नळी घाला, माणसाला उपाशी मारू नका.’ फिट येण्याची धास्ती आहेच. मस्कतचा भाऊ दिवाळीला येणार आहे. आम्ही काय करावे?
– एक मुलगी, सातारा

उत्तर : काकांच्या बोलण्यामागे माया आहे, पण बाबांची भूक आजारानेच ओसरली आहे आणि या टप्प्यावरच्या शरीराला भुकेची कळ आपल्याला वाटते तशी लागत नाही. अर्धवट शुद्धीतला रुग्ण नळी ओढून काढतो, मग त्याचे हात बांधण्याची वेळ येते आणि एवढे करूनही अन्न किंवा लाळ श्वासमार्गात जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका टळत नाही. म्हणून नळी घालू नये, असेच माझे स्पष्ट मत आहे. बाबांना भरवण्याचे समाधान मात्र आईंना जरूर मिळू द्या. बाबा पूर्ण जागे असतील तेव्हाच त्यांना टेकवून बसवावे, घट्टसर पेज अर्धा अर्धा चमचा द्यावी आणि ठसका लागताच थांबावे. एरवी ओल्या मऊ कापडाने तोंड आतून पुसून ओठांना व्हॅसलीन लावावे.

गोळ्या गिळता येईनाशा झाल्या, तरी मेंदूची सूज उतरवणारे डेक्सामेथासोन आणि फिटचे औषध परस्पर बंद करू नका. ती इंजेक्शनने देता येतात. फिट आलीच, तर त्यांना कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. पाच मिनिटांत ती थांबली नाही, तर नाकात मिडाझोलामचा फवारा मारावा लागतो. तो डॉक्टरांकडून आताच लिहून घ्या आणि किती वेळा मारायचा, याची चिठ्ठी बाटलीलाच चिकटवून ठेवा.

हॉस्पिसमध्ये गाठीवरचे उपचार थांबतात, परंतु वेदना, उलट्या, फिट, पाठीवरच्या जखमा आणि घरच्यांची घालमेल यांकडे जेवढे लक्ष तिथे दिले जाते, तेवढे मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूत क्वचितच दिले जाते. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना ही सेवा विनामूल्य देत आहे. साताऱ्याहून वारजे सोयीचे. सगळी कागदपत्रे घेऊन घरातील एकाने आधी तिथे भेटून यावे.

दिवाळीची वाट मात्र पाहू नका. या आजारात पूर्ण उपचार घेऊनही निम्म्याहून अधिक रुग्ण निदानानंतर दीड वर्षही काढत नाहीत आणि झोप इतकी वाढल्यावर हिशेब बहुधा आठवड्यांचाच उरतो. भावाला आजच फोन करून सरळ निघायला सांगा. तो पोहोचेपर्यंत, बाबा जागे असतील त्या वेळी व्हिडिओ कॉल लावा आणि फोन त्यांच्या उजव्या बाजूला धरा. अशा गाठीत रुग्णाला डावीकडचे दिसत नसण्याची किंवा तिकडे लक्षच जात नसण्याची शक्यता असते.