तिसरा मजला, दोन महिन्यांचं पिल्लू आणि बेळगावचा पाऊस: शू-शीची सवय कशी लावायची

तुमची अडचण थोडक्यात अशी: टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, मुधोळ जातीचं नऊ आठवड्यांचं पिल्लू, खाली नेलं की काही करत नाही आणि वर आलं की हॉलमध्ये शू. त्यात जुलैचा पाऊस, लशी अर्धवट, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, नाक घासा म्हणजे कळेल त्याला.

नाक घासणं आजच बंद करा. केलेली गोष्ट आणि मिळालेली शिक्षा यांचा संबंध पिल्लाला एक-दोन सेकंदांपलीकडे लागत नाही. त्याला एवढंच समजतं की ही माणसं जवळ असताना शू केली की आपल्याला त्रास होतो. मग ते सोफ्यामागे, पलंगाखाली जाऊन करतं. आणि खाली तुम्ही पट्टा धरून शेजारी उभे असता, तेव्हा तर मुळीच करत नाही. ‘खाली करत नाही, वर करतं’ याच्या मुळाशी पुष्कळदा हेच असतं. कान पाडून बघतं ते चूक कळली म्हणून नव्हे, तुमच्या चेहऱ्याला घाबरून.

आता वेळेचं गणित. ढोबळ हिशेब असा की वयाच्या महिन्यांत एक मिळवा, तितके तास पिल्लू शू धरू शकतं. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास, तेही निजलेलं असताना. जागं आणि खेळत असेल तर अर्धा-पाऊण तास पुष्कळ झाला. उठल्याबरोबर लगेच, पाणी प्यायल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, जेवल्यावर पाच ते तीस मिनिटांत आणि खेळ रंगात आला की मध्येच, या वेळा ठरलेल्या. पोटात अन्न पडलं की आतडी हलायला लागतात, म्हणून जेवणानंतरची शी सहसा चुकत नाही. जेवणं दिवसातून तीन ते चार, रोज त्याच वेळी. वाटी दिवसभर भरून ठेवली तर शीचीही वेळ राहणार नाही. आणि म्हशीचं दूध-भाकरी बंद करा. दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही, पोट ढिलं होतं, आणि ढिल्या पोटाच्या पिल्लाला सवय लावणं अशक्य. पाहुण्यांनी कौतुकाने भरवलेला कुंद्याचा तुकडाही नको.

या वेळांच्या मधल्या काळात पिल्लू एक तर तुमच्या नजरेसमोर, नाही तर छोट्या जागेत. नजरेसमोर म्हणजे पाच-सहा फुटी पट्ट्याचं दुसरं टोक तुमच्या कमरेला. खेळता खेळता एकदम थांबलं, फरशी हुंगत गोल फिरायला लागलं, की उचला. तुम्ही स्वयंपाकात किंवा फोनवर असाल तेव्हा पिंजरा. पिंजऱ्यात उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं, एवढीच जागा. मोठा असेल तर एका कोपऱ्यात झोपतं, दुसऱ्यात शू करतं. घाणीतच वाढलेल्या पिल्लाच्या बाबतीत मात्र पिंजऱ्याचा हा उपाय चालत नाही, कारण आपली झोपायची जागा कोरडी ठेवायची ओढच मोडलेली असते. तिथे दर अर्ध्या तासाला बाहेर नेणं एवढंच हातात.

लशींचा कोर्स साधारण 16 आठवड्यांपर्यंत चालतो. तोपर्यंत भटकी कुत्री फिरतात त्या मातीत पिल्लाला सोडू नका. पार्व्हो हा पिल्लांना उलट्या आणि रक्ताची हगवण लावणारा जीवघेणा रोग, त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणून सध्याची जागा बाल्कनीत करा. दोन बाय तीन फुटांचा कडा असलेला प्लॅस्टिकचा ट्रे घ्या आणि नर्सरीतून हिरवळीचा तुकडा आणून त्यात बसवा. घट्ट शी लगेच उचला, शूवर तांब्याभर पाणी ओता, आणि वास धरला की तुकडा बदला. पेपर अंथरण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण तो शेवटचा पर्याय समजा. पिल्लू कुठे करायचं हे पायाखाली काय लागतं त्यावरून ठरवतं, आणि ही आवड दोन महिन्यांच्या आसपासच पक्की होत जाते. पेपरची सवय लागली तर उद्या जमिनीवर पडलेला कुठलाही पेपर त्याला चालेल. त्याच कारणाने पायपुसणी, सतरंज्या आणि खाली लोळणारी वाकळ दोन महिने उचलून ठेवा.

ट्रेकडे नेताना चालवत नेऊ नका, उचलून न्या. शू सुरू झाली की गप्प राहा. संपल्या क्षणी शाबासकी आणि उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा, तोही खिशातला. फ्रिजपर्यंत जाऊन आणलात तर बक्षीस फ्रिजपाशी येण्याचं होतं. पाच-सात मिनिटांत काही केलं नाही तर आत आणा, पण मोकळं सोडू नका. दहा-पंधरा मिनिटं मांडीवर किंवा पिंजऱ्यात ठेवून पुन्हा न्या. ‘खाली नाही, वर लगेच’ हा प्रकार मोडतो तो इथेच. आणि शू झाल्याबरोबर आत ओढू नका, थोडं खेळू द्या. नाही तर शू केली की मजा संपते हे पिल्लू पटकन शिकतं आणि धरून ठेवायला लागतं. शू करायला सांगायचा शब्द घरात सगळ्यांनी एकच वापरा, कामाला येणाऱ्या कन्नड बोलणाऱ्या मावशींनीही.

सफाईत सगळ्यात जास्त चुका होतात. फिनेलने आपल्याला वास जातो, पिल्लाला जात नाही. काळं फिनेल तर पंजाला लागून चाटलं जातं आणि ते विषारी असतं. अमोनियावाली द्रव्यंही नकोत, त्यांचा वास त्याला शूसारखाच वाटतो. आधी फडक्याने टिपून घ्या, मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर ओता आणि दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या. त्याच जागी आधी फिनेल मारलं असेल तर साध्या पाण्याने दोनदा पुसून मगच, कारण जंतुनाशकामुळे एन्झाइमचं काम बिघडतं. व्हिट्रिफाइड टाइल्सवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं चालतं. पण जुन्या घरांतून शहाबादी किंवा कडप्पा असतो, तो चुनखडीचा दगड. व्हिनेगरने त्याची झिलई जाते, पांढरे डाग पडतात, आणि खडबडीत झालेला दगड शू आणखी शोषतो. संगमरवरालाही तेच. फरशांच्या सांधीत मुरलेली शू राहून जाते, तिथे क्लीनर जास्त ओता.

रात्री झोपण्याआधी दीड-दोन तास पाणी उचलायचं, उन्हाळ्यात मात्र नाही. मध्यरात्री एकदा गजर लावून न्या, दिवा मंद, बोलणं नाही, खेळ तर नाहीच.

लशी संपल्या की ट्रेवरून जमिनीवर. वापरलेल्या हिरवळीचा एक तुकडा खाली ठरवलेल्या जागी ठेवा, त्या वासाने काम सोपं होतं. सकाळची पहिली शू आधी खाली न्या, ती सहसा धरवतच नाही. मुधोळच्या अंगावर केस अगदी आखूड, झडीच्या पावसात ते गारठतं आणि पाऊल पुढे टाकत नाही. अंगावर रेनकोट घाला, छत असलेली जागा शोधा, वर आल्यावर पोट आणि पंजे कोरडे करा. शी उचलायला पिशवी बरोबर असू द्या, शेजाऱ्यांची निम्मी तक्रार त्यानेच मिटते.

सहाव्या महिन्यापर्यंत अधूनमधून चुका होणारच. तुम्ही घरी आल्यावर आनंदाने दोन थेंब सांडले तर ते सवयीत मोडत नाही. वरून वाकू नका, बाजूला बसून शांतपणे हात पुढे करा. पण सारखी थेंब थेंब शू, कुंथणं, लालसर रंग दिसला, किंवा सवय लागलेलं पिल्लू अचानक बिघडलं, तर लघवी तपासून घ्या. उलटी आणि रक्ताची हगवण असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रात्र काढू नका.