दूध पावडरच्या ड्रायरवर नवीन आहात? आधी थर बघा

आत येणारी हवा साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस, बाहेर जाणारी ८० ते ९५. पावडर एवढ्या तापमानाला लगेच पेटत नाही, पण गाफील राहू नका. खरा धोका ड्रायरमध्ये साचलेल्या पावडरच्या थरात. थर जाड झाला की आतली उष्णता बाहेर निघत नाही, वाढतच जाते. जितका जाड थर, तितक्या कमी तापमानाला तो धुमसतो. नोझलच्या (दूध फवारणाऱ्या तोटीच्या) टोकावर आणि गरम हवेच्या तोंडाशी तर टॉर्च मारून बघाच. धुमसता गोळा सुटून खाली पडला तर उडत्या पावडरचा स्फोट होऊ शकतो.

करपट वास, तपासणीत जळके कण किंवा कार्बन मोनॉक्साइडचा (धुमसताना निघणाऱ्या वायूचा) चढता आकडा दिसला की फीड (आत येणारं दूध), हीटर, पंखे बंद करा, पाण्याचा फवारा सोडा. दार मात्र उघडू नका, आगीला हवा मिळते.