'ठाणे-नवी मुंबईची माणसं' हा प्रोजेक्ट सुरू कसा करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीला राहता, लग्नांचे फोटो काढता, ऑफ सीझनला स्वतःसाठी काहीतरी करायचंय. यादीत खाडीवरचे कोळी आहेत, तुर्भ्याच्या मार्केटमधले माथाडी आहेत, जांभळी नाक्याच्या फुलवाल्या आहेत. सुरुवात कशी करू, लोक फोटो काढू देतील का, कुठली लेन्स घेऊ आणि शेवटी याचं करायचं काय, असं विचारलंय.

आधी यादी फाडा. तिन्ही विषय चांगले आहेत, पण तिन्ही एकदम घेतलेत तर प्रत्येक ठिकाणी तुम्ही पाहुणेच राहाल आणि फोटोही पाहुण्याचेच येतील. कांदा-बटाटा मार्केटमध्ये पाठीवर गोणी घेतलेला माणूस एका सकाळीही झकास मिळतो. पण 1969 च्या माथाडी कायद्याने त्याला काय मिळवून दिलं, त्याचा मुलगा या धंद्यात येणार का, हे त्या सकाळी कळत नाही. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले ते वृत्तपत्राचं काम सांभाळून, वर्षानुवर्षं त्याच माणसांकडे जाऊन. त्या कामाचं वजन फोटोंइतकंच त्या परत परत जाण्यात आहे.

म्हणून निवड एकाच कसोटीवर करा: कॅमेरा घरी ठेवूनही तुम्ही सहज कुठे जाऊ शकता? ऐरोलीकर असाल तर माझं मत खाडी. ठाणे खाडीचा एक भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. तेव्हापासून हिवाळा लागला की मोठमोठ्या लेन्सा घेऊन माणसं होडीत बसतात. पक्ष्यांचे फोटो उदंड झाले. होडी चालवणाऱ्याकडे कोणी लेन्स वळवल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही.

तिकडे जायचं तर घड्याळाआधी पंचांग बघा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण (मोठी भरती), अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती), आणि भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. तुम्ही 'गोल्डन अवर'चं कोवळं ऊन गाठायला पहाटे पोचाल आणि जेट्टीवर कुत्रं नसेल, कारण पाणीच नाही. ओहोटीला बायका चिखलात कालवं-शिंपल्या काढायला उतरतात, ते काम कदाचित भर दुपारी सापडेल. उन्हाला शिव्या न घालता तेव्हाच काढा, तीच त्यांची कामाची वेळ आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीबंदी असते. खाडीतल्या छोट्या होड्यांची गोष्ट वेगळी, पण पावसाळ्यात जाळी दुरुस्त करणारी माणसं ओट्यावर निवांत भेटतात. ओळख करायला तो काळ उत्तम.

नारळी पौर्णिमेला मात्र सुरुवात करू नका. त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असतो आणि तुम्ही त्यातले आणखी एक. आठवडाभर आधी जा, होड्यांना रंग लागत असतो तेव्हा.

लोक फोटो काढू देतील का? देतील, पण पहिल्या भेटीत मागू नका. त्याऐवजी त्यांच्या घरातले जुने फोटो दाखवायला सांगा. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या, 1970 पासून सिडकोने इथला नकाशाच बदलला. घराघरात भिंतीवर आजोबांची फ्रेम असते आणि मागे आता नसलेलं शेत किंवा मिठागर. त्या फ्रेमची नीट कॉपी करून द्या. भिंतीवर असताना काढू नका, काचेत ट्यूबलाइट दिसते. फ्रेम ओट्यावर सावलीत आणा, कॅमेरा काचेला समांतर धरा, तुमच्या मागे कोणाला तरी काळी चादर धरून उभं करा, म्हणजे काचेत काही दिसत नाही. एवढं काम केलंत की पुढच्या वेळी चहा येतो, आणि कोणाचा फोटो काढू नये हेही तेच सांगतात.

लेन्सचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. लग्नाची 85 मिमी लेन्स घरी ठेवा. एफ 1.4 ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवली की, मागचं सगळं धूसर लोणी होतं, आणि इथे मागचंच तर सांगायचंय. जाळं शिवणारा म्हातारा बघा: पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून ताण धरलेला, दातात सुतळी, मागे खारफुटी आणि त्याच्याही मागे आयटी पार्कच्या काचा. हे सगळं एका फ्रेममध्ये स्पष्ट हवं तर 35 मिमीची लेन्स आणि एफ 5.6 ते 8. आणि 'काका, इकडे बघा, स्माइल' ही सवय सोडा. ती सुटायला वेळ लागतो, सगळ्याच लग्नवाल्यांना लागतो.

कायद्याचं: कोणी पैसे देऊन काम सांगितलेलं नसेल तर कॉपीराइट तुमचा. तरी उद्या जाहिरातीत फोटो जाणार असेल तर लेखी संमती घ्याच. प्रदर्शनासाठी तोंडी होकारावरही काम चालतं, पण फोटो कुठे लागणार ते स्पष्ट सांगा. लहान मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारल्याशिवाय काही नाही.

प्रत्येक फोटोबद्दल त्याच दिवशी वहीत लिहा: नाव (त्यांना हवं तसं), तारीख, भरती की ओहोटी, काय बोलणं झालं. सहा महिन्यांनी यातलं काही आठवत नाही आणि मग कॅप्शनला 'जीवनसंघर्ष' वगैरे लिहायची पाळी येते.

शेवटी करायचं काय, तर प्रदर्शनाला ठाण्यात कापूरबावडीचं कलाभवन आहे, पण पहिलं प्रदर्शन गावातल्या देवळाच्या मंडपात लावा. दोरीला चिमट्याने टांगलेले प्रिंट चालतील. कुठला फोटो चुकीचा आहे, कुठल्या होडीचं नाव भलतंच लिहिलंय, हे तिथे पाच मिनिटांत कळतं. आणि ज्याचा फोटो त्याला प्रिंट द्यायचाच, व्हॉट्सॲपवर पाठवून भागवू नका. तुमची अल्बमवाली लॅब आहेच, चार बाय सहाचा प्रिंट वडापावच्या भावात पडेल. त्यावर वॉटरमार्क टाकू नका, भिंतीवर लावायचा फोटो आहे तो. तुमचं नाव आणि नंबर मागच्या बाजूला पेन्सिलने लिहा.